लहान पेटी, परंतु न वाजणारी, मिळणेबाबत

प्रति,
मा. खरेदी कार्यवाह,
वैनगंगा मराठी मंडळ,
सेक्टर २, भिलाई (छत्तीसगड)

अर्जदार : पुंडलिक हटवार, मानद लिपिक, वैनगंगा मराठी मंडळ. राहणार कुरुद.

विषय : मंडळाच्या कार्यालयीन टेबलाकरिता लहान आकाराचा संगणक (वाजणारा नव्हे) मिळणेबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील अर्जदाराचा मागील अर्ज, ज्यावर आपण तत्परतेने बाजाची पेटी मंजूर केली.
२) आपले तोंडी आदेश, रविवार दुपार, दुसऱ्या पोळीच्या वेळी.

महोदय,

मनुष्याने अग्नी शोधला, चाक शोधले, दगडातून लोखंड काढले, लोखंडाचे पोलाद केले, आणि अखेरीस असे यंत्र केले की ज्यात साऱ्या जगाचे ज्ञान मूठभर जागेत मावते. या थोर वाटचालीतील पोलादाचा टप्पा अर्जदाराने स्वतः रोलिंग मिलमध्ये शिफ्ट ड्यूटीवर उभे राहून पार पाडलेला आहे. त्यापुढील टप्पा मात्र मंडळाच्या टेबलावर मावत नाही. सबब हा अर्ज.

१. अर्जदार हा सेवानिवृत्तीपासून मंडळाच्या कार्यालयात मानद लिपिक आहे. मानद याचा अर्थ असा की कामाबद्दल मान मिळतो आणि बसायला खुर्ची मिळते. मान किती मिळतो याची नोंद ठेवलेली नाही. खुर्ची एक आहे. कार्यालयाची इतर मालमत्ता म्हणजे एक टेबल, एक कपाट, त्यातला जुना प्रिंटर, एक लहान इन्व्हर्टर, एक पंखा आणि संस्थापकांची तसबीर. पंखा जोरात केला की ही तसबीर भिंतीवर हलते आणि संस्थापक प्रत्येक ठरावास नाही-नाही म्हणत असल्याचा भास होतो. कार्यक्रमाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मागच्या खोलीत कुलूपबंद आहेत. "कार्यक्रमाच्या खुर्च्या कार्यक्रमाखेरीज काढू नयेत" हा नियम आपण केलेला आहे. "कार्यालयात खासगी सामान आणू नये" हाही आपलाच. अर्जदाराचे मित्र, रेल्वेतून निवृत्त झालेले श्री. गुलाबराव मेश्राम यांनी गेल्या उन्हाळ्यात घरचा कूलर कार्यालयात आणला व त्यासोबत स्वतःची दुपारची झोपही आणली, त्यावरून तो करावा लागला. दोन्ही नियम योग्य आहेत. अर्जदाराने ते स्वतःच्या हाताने सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीस लावलेले आहेत.

२. येथे एक बाब प्रामाणिकपणे नमूद करणे आवश्यक आहे. आपण अर्जदाराचे धाकटे चिरंजीव आहात. आपण व अर्जदार कुरुद येथे एकाच घरात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंस झोपतो. अर्जदाराच्या घोरण्याविषयी आपली तक्रार वेळोवेळी कोणत्याही अर्जाविना स्वीकारण्यात आलेली आहे. त्यामुळे सदर विषय घरीच मिटेल अशा समजुतीने अर्जदाराने तो रविवारी जेवताना काढला. त्यावर आपण म्हणालात, "बाबा, घर में ऑफिस नाही. मी खरेदी कार्यवाह आहे. कल को लोक बोलतील, बाप ने बोला और बेटे ने ले लिया. प्रॉपर अर्ज द्या ना, मराठीत, नियमाप्रमाणे." मंडळाला असा निःस्पृह अधिकारी मिळाला याचा अर्जदारास अभिमान वाटला. तिसरी पोळी मात्र त्याने घेतली नाही.

३. मंडळाच्या घटनेनुसार सर्व पत्रव्यवहार मराठीत होणे बंधनकारक आहे, आणि आपले मराठी वाचन दुकानांच्या पाट्यांपर्यंत आहे. म्हणून हा अर्ज आपणास सौ. उत्कर्षा, आपल्या पत्नी व अर्जदाराच्या सूनबाई, वाचून दाखवतील हे गृहीत धरलेले आहे. त्यांचे माहेर गोंदियाचे असल्याने त्यांना काही अडणार नाही. त्यांस विनंती की वाचताना अवघड शब्द गाळू नयेत, आणि परिच्छेद सात आला की थोडे सावकाश वाचावे.

४. आता मूळ विषय. मंडळाचा जुना संगणक हा आकाराने व स्वभावाने सरकारी कपाटासारखा होता. टेबलाचा अर्धा भाग त्याच्या पडद्याने व्यापला होता, उरलेल्या अर्ध्यापैकी बराचसा त्याच्या उभ्या डब्याने. त्या डब्यास मंडळात सारेच "पेटी" म्हणत. पेटी सुरू केली की ती आधी खोकत असे, मग विचार करत असे, आणि तेवढ्यात अर्जदार चहा पिऊन येत असे. पुढे तिच्यात पाल शिरली. पालीने आत नेमके काय केले हे तंत्रज्ञास सांगता आले नाही, पण दोघीही एकाच दिवशी गेल्या. सभासदांची यादी, वर्गणीच्या पावत्या, वधू-वर परिचयाचे अर्ज, जयंत्यांची निमंत्रणे, आणि ज्यात फक्त नाव बदलावे लागते तो शोकठराव, एवढेच मंडळाचे काम. ते तेव्हापासून हाताने चालू आहे. शोकठराव हाताने लिहिताना हात जड होतो, एवढे सोडले तर तक्रार नाही.

५. म्हणून अर्जदाराने मागील अर्जात लिहिले : "जुन्या मोठ्या पेटीच्या जागी रोजच्या कार्यालयीन कामास पुरेल अशी एक लहान पेटी मिळावी." या वाक्यात अर्जदारास आजही दोष दिसत नाही. हे वाक्य एखाद्या हिंदी भाषकाने वाचले असते तर त्यास खोका समजला असता, आणि खोक्यावरून तो चौकशी करत संगणकापर्यंत पोहोचला असता. परंतु आपण ते कोणाची मदत न घेता, जमेल तेवढे, मराठी माणसाच्या अभिमानाने वाचले. पंधरवड्याने कार्यालयात रिक्षातून जी वस्तू उतरली तिला भाता होता.

अर्जदाराने घरी विचारणा केली असता आपण म्हणालात, "बाबा, मराठीत पेटी मतलब हार्मोनियम. इतनी मराठी आती है मेरे को. आजीच्या भजनात मी पेटीच्या बाजूलेच झोपत होतो." हे खरे आहे. आपण सुरात झोपत असा, आणि पेटी थांबली की रडत असा. त्यामुळे अर्जदारास रागावता आले नाही. आपणास येणाऱ्या मोजक्या मराठी शब्दांपैकी एक आपण अचूक वापरला, तो चुकीच्या जागी होता इतकेच.

६. सदर पेटी मंडळाच्या मालमत्ता वहीत आपल्या सूचनेवरून "संगणक, नग एक" अशीच नोंदवलेली आहे. कार्यालयीन कामासाठी तिचा उपयोग करण्याचा प्रयत्न झाला नाही असे कोणी म्हणू नये. श्री. गुलाबराव मेश्राम यांनी तिच्या पांढऱ्या व काळ्या सर्व पट्ट्या क्रमाने दाबून पाहिल्या आणि अभिप्राय दिला, "पुंडलिकभाऊ, आवाज तं बरोबर येऊन राहिला जी, पण छापून नाई राहिला काई." पुढे मंडळाच्या महिला भजन मंडळाच्या प्रमुख श्रीमती तुळसाबाई यांच्या कानी तो आवाज गेला. त्या आल्या, भाता दोनदा हलवला, "एवढी चांगली पेटी, अन् तुमी इथं धूळ खात ठेवली?" असे म्हणून ती उचलून घेऊन गेल्या. पेटी ज्या लाकडी खोक्यातून आली होती तो खोका, म्हणजे पेटीची पेटी, जड म्हणून येथेच राहिला. तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूस ठेवण्यात आला. या खोक्याचा उल्लेख पुढे येणार आहे. सूनबाईंनी तो लक्षात ठेवावा.

७. जुना संगणक गेल्यामुळे टेबलाचा अर्धा भाग रिकामा झाला. अर्जदार तेथे हात पसरून बसत असे व ते त्यास सुख वाटत असे. अशात एके दिवशी अर्जदार जेवणाचा डबा घरी विसरला. आपली आई, सौ. मथुराबाई, तो घेऊन ऑटोने कुरुदहून सेक्टर २ ला आली. तिने डबा रिकाम्या जागेवर उघडला आणि सवयीने उभी राहून वाढू लागली. गुलाबराव म्हणाले, "वहिनी, उभ्या कावून जी? बसा ना, पेटी हाये." ती खोक्यावर बसली. पोळ्यांचा डबा तिच्या कोपराशीच होता. भाजी समोर होती. कार्यालयात गॅस नाही, तवा नाही, फोडणीस टाकण्यासारखे काही नाही. उठण्यास कोणतेही सबळ कारण उपलब्ध नसल्याने ती बसून राहिली. आणि बसल्यावर, दुसरे काहीच करण्यासारखे नसल्याने, जेवली.

महोदय, अर्जदाराचा संसार शिफ्ट ड्यूटीत झालेला आहे. फर्स्ट शिफ्टला तो डबा घेऊन निघे, सेकंडला वाढलेले जेवून निघे, आणि नाइटहून परतला की तो झोपे व मग ती जेवे. सुट्टी असे, पण सुट्टीला भंडाऱ्याचे पाहुणे असत. निवृत्तीनंतर परिस्थिती बदलेल असे वाटले होते. आपण घरात चांगले सहा माणसांचे जेवणाचे टेबल आणले. त्यावर ती अद्याप बसलेली नाही, कारण आपणा सर्वांस पोळी तव्यावरची लागते. हाक मारली की ती आतून म्हणते, "तुमी घ्या जी, मी आलीच." हा "आलीच" अर्जदार लग्नापासून ऐकत आहे. येणे प्रलंबित आहे.

त्या दिवसानंतर अर्जदार डबा रोज विसरू लागला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने विचारले, "आता वय झालं म्हणून विसरून राहिले, का मुद्दाम?" अर्जदाराने "वय" असे सांगितले. तिने त्याच ऑटोवाल्यास महिन्याचे ठरवून टाकले. तेव्हापासून दुपारचे जेवण कार्यालयात होते. तिच्या बाजूस पोळ्या, अर्जदाराच्या बाजूस भाजी, मध्ये लोणच्याची बरणी, जी कागदपत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर भार म्हणूनही ठेवता येते.

या बैठकांतून काही गोष्टी प्रथमच निदर्शनास आल्या. ती भात आधी खाते व पोळी नंतर. लोणच्याची फोड शेवटपर्यंत ताटाच्या कडेला राखून ठेवते. आणि तिला वांग्याची भाजी आवडत नाही. ही शेवटची बाब उघड झाली तेव्हा अर्जदार हबकला. आपल्या घरी वांग्याची भाजी किती वेळा होते हे आपण जाणता. अर्जदाराने विचारले, "मंग आजवर केली कावून?"

"तुमाले आवडते ना."

"मले कधी सांगितलं नाई."

"सांगाचं काय त्याच्यात? जेवताना पाहिलं असतं तं समजलं असतं."

गुलाबराव उपस्थित होते. ते रेल्वेचे वेळापत्रक आठवत असल्यासारखे खिडकीबाहेर पाहत राहिले.

८. हे असे सुरळीत चालू असता रविवारी आपण जाहीर केले की, मागील चूक सुधारण्यासाठी आपण या वेळी स्वतः जातीने संगणक निवडलेला आहे. तो टॉवर प्रकारचा आहे, त्याच्या एका बाजूस काच आहे आणि काचेआड लाल-निळे दिवे फिरतात. सोबत रुंद पडदा, दोन स्पीकर आणि प्रिंटर. आपले म्हणणे, "बाबा, आगे का सोचना पडता है. हा दहा साल चलेगा. त्याच्यावर काही पण चालतं." आपल्या दूरदृष्टीबद्दल आदर राखून विचारावेसे वाटते की, मंडळात काही पण चालवण्याचा प्रसंग कधी आला आहे काय? शोकठरावास लाल-निळे दिवे लागत नाहीत. सभासदांच्या यादीतील नावे आतल्या आत पळत नाहीत. उलट हा सारा संच मांडल्यावर टेबलावर जागा किती उरेल हे अर्जदाराने वर्तमानपत्राचे कागद मापाने कापून व टेबलावर पसरून पाहिले आहे. लोणच्याची बरणी मावते. माणूस मावत नाही.

९. अर्जदार नुसता विरोध करणारा नाही. त्याने अभ्यास केलेला आहे. संगणकाच्या जाती त्यास आपल्याच कुटुंबांसारख्या दिसल्या. टॉवर म्हणजे एकत्र कुटुंब : जागा फार लागते, आतून बरेचसे रिकामे असते, पण कुणी बिघडला तर तेवढ्यालाच बदलता येते. ज्यात पडद्यातच सर्व काही असते तो प्रकार म्हणजे एका खोलीतील बिऱ्हाड : एक आजारी पडला की सगळेच दवाखान्यात. लॅपटॉप म्हणजे भाडेकरू : आज आहे, उद्या कोणत्या पदाधिकाऱ्याच्या घरी आढळेल सांगता येत नाही. आणि चौथी जात म्हणजे हा लहान संगणक. तो निवृत्त माणसासारखा आहे : जागा कमी, खाणे कमी, आवाज नाही, आणि सांगितले तेवढे काम मुकाट्याने करतो.

सूनबाईंच्या दुर्ग येथील कार्यालयात असा एक आहे. त्यांनीच त्याचे छायाचित्र दाखवले. अर्जदाराने आधी विचारले की यात संगणक कोठे आहे. तो पडद्याच्या पाठीस स्क्रूने बसवलेला होता, शेतात काम करणाऱ्या बाईच्या पाठीशी बांधलेल्या बाळासारखा.

पुढील चौकशीसाठी अर्जदार, सौ. मथुराबाई व गुलाबराव दुर्गच्या बाजारातील एका दुकानात गेले. जाताना अर्जदाराने जेवणाचा डबा सोबत नेला, कारण टेबलावर काय मावते हे ठरवण्याचे त्याच्यापाशी तेच एक खात्रीचे माप आहे. दुकानातील मुलाने लहान संगणक समोर ठेवला. अर्जदाराने त्याशेजारी डबा ठेवला. मुलगा म्हणाला, "अंकल, ये क्या कर रहे हो? लंच अंदर अलाउड नहीं है." त्यास समजावून सांगण्यात आले. सौ. मथुराबाईंनी दोन्ही वस्तू उचलून पाहिल्या आणि म्हणाल्या, "आपला डबा मोठा हाये." त्यांच्या स्वरात अभिमान होता. मग संगणकाच्या मागील जाळीतून आत पाहून विचारले, "एवढूसा? याच्यात सगळी मंडळी मावतात?" त्यांना सभासदांची यादी अभिप्रेत होती. मुलाने सांगितले की अशा लाखो याद्या मावतील. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग घ्या. उगा मोठं घेऊन पुसाचं कोणी?"

दुकानदाराकडून मिळालेली माहिती अशी. रोजच्या टंकलेखनास, यादीस, ईमेलला मधल्या दर्जाचा प्रोसेसर पुरतो. आठ जीबी रॅमवर काम निघते, सोळा असली तर पुढची बरीच वर्षे कुरकुर नाही. जुनी फिरणारी हार्ड डिस्क नको, एसएसडी असावी, म्हणजे पेटी खोकणार नाही. वीज कमी लागत असल्याने लाइट गेल्यावर मंडळाच्या लहान इन्व्हर्टरवरही तो तग धरेल. जाळीतून धूळ आत जाते, व भिलाईची धूळ साधी धूळ नसते, म्हणून महिन्यातून एकदा फुंकर घालावी. उणिवाही सांगतो. पुढे त्यात फारशी भर घालता येत नाही. खिडक्या, म्हणजे वायर जोडण्याच्या जागा, कमी असतात, तेव्हा आपल्या जुन्या प्रिंटरची वायर लागते की नाही हे आधीच पाहून घ्यावे. आणि तो स्वतः लहान असला तरी त्याच्या वायरीवर एक काळी वीट असते, जिला अडॅप्टर म्हणतात. आपला जडपणा त्याने बाहेर ठेवलेला आहे. अर्जदारास हा गुणच वाटला.

१०. ही सर्व माहिती अर्जदाराने मंगळवारी न्याहारीच्या वेळी अनौपचारिकरीत्या दिली असता, आपण घड्याळ पाहत काही पर्याय सुचवले. त्यांवर अर्जदाराचा क्रमवार अभिप्राय :

टॉवर टेबलाखाली ठेवावा. टेबलाखाली सौ. मथुराबाईंचे पाय असतात. गुडघे दुखत असल्याने ते दुमडता येत नाहीत.

टॉवर कपाटावर ठेवावा. कपाटाचा एक पाय तुटका असून खाली घटनेच्या जुन्या प्रती लावलेल्या आहेत. घटना आणखी भार सोसेल असे वाटत नाही.

तसबीर काढून तेथे पडदा टांगावा. संस्थापकांचे नातेवाईक आजीव सभासद आहेत.

मोठे टेबल घ्यावे. मोठे टेबल दारातून आत येत नाही. याची खात्री दुपारभर करून पाहण्यात आली. गुलाबरावांची पाठ अजून शेकणे चालू आहे.

अर्जदाराने जेवायला घरी यावे. हा पर्याय आपण सहज बोलून गेलात. घरी गॅस आहे. इतकेच येथे लिहितो.

उलटपक्षी अर्जदाराचेही काही प्रस्ताव आहेत. टॉवर घेणे अटळच असेल तर तो पंख्याच्या हुकास टांगावा, उन्हाळ्यात आपण उकाडा सहन करू. ते शक्य नसेल तर टॉवर खोलीत ठेवून अर्जदार खिडकीबाहेर उभा राहील व गजांतून हात घालून टंकलेखन करील. हाताची लांबी पुरते. गुलाबरावांनी तेही मापून पाहिले आणि विचारले, "पावसात काय करान जी?" अर्जदाराने छत्री असे सांगितले. ते म्हणाले, "छत्री कोणत्या हातानं धरान?" हा मुद्दा विचाराधीन आहे. सौ. मथुराबाई मात्र म्हणाल्या, "त्याले करू द्या ना त्याच्या मनचं. पोरानं हौसेनं घेतलं तं आपल्यासाठी अडून राहू नका. मी घरीच जेवत जाईन." असे म्हणून त्यांनी डबे आवरायला घेतले. लोणच्याची राखून ठेवलेली फोड त्या दिवशी तशीच ताटात राहिली.

११. इथवर अर्जदार आपल्याशी वाद घालण्यास तयार होता. त्याने कागदांची कात्रणे, डब्याचे माप, दुकानाचे पत्रक सर्व जमवून ठेवले होते. सर्वसाधारण सभेपर्यंत जाण्याचाही विचार होता, जेथे आपल्या विरुद्ध मत देणे बापास शोभते काय यावर गुलाबरावांशी चर्चा झाली. परंतु काल श्रीमती तुळसाबाई कार्यालयात आल्या. भजन मंडळास राजनांदगावचे बोलावणे आहे. पेटी गाडीवर न्यायची, तर उघडी नेता येत नाही. "खोका शनिवारी घेऊन जाईन," त्या म्हणाल्या. अर्जदाराने चाचरत विचारले की चादरीत गुंडाळून चालणार नाही काय. त्या म्हणाल्या, "असं कसं जी? पेटीले पेटी लागते." त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. खोका मंडळाचा आहे, पेटी मंडळाची आहे, आणि भजनही मंडळाचेच आहे. अर्जदाराने होकार दिला.

तेव्हा, महोदय, अर्जदार आपल्या सर्व मागण्या पुढीलप्रमाणे आवरत्या घेत आहे. संगणक आपल्या पसंतीचा घ्यावा. टॉवर घ्यावा, दिवे घ्यावेत, स्पीकर घ्यावेत. तो रविवारी आणावा किंवा दिवाळीला आणावा. न आणल्यास शोकठराव हाताने लिहिले जातील, सभासदांची घाई नाही. लहान संगणक मिळाला तर आनंदच आहे, पण त्यासाठी अर्जदार आता अडून बसणार नाही.

केवळ एवढे व्हावे, की शनिवारच्या आत मागच्या खोलीचे कुलूप उघडून कार्यक्रमाच्या खुर्च्यांपैकी एक खुर्ची कार्यालयास मिळावी. दोन माणसे एका टेबलावर जेवणे हा कार्यक्रम धरता येईल का, याचा नियमात विचार व्हावा. खुर्ची तडकलेली असली तरी चालेल. हात नसलेली मिळाल्यास बरे, ती टेबलाखाली सरकते. अन्यथा आपली आई शनिवारपासून उभी राहील, आणि उभी राहिली की वाढू लागेल.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,
आपला नम्र मानद लिपिक, व नात्याने वडील,

पुंडलिक हटवार

भिलाई, दिनांक १२ फेब्रुवारी २०२६

सोबत : सुतळी, नग एक (डब्याच्या मापाची, संगणक निवडताना उपयोगी पडल्यास). खुर्चीला माप जोडलेले नाही. कोणतीही चालेल.